मंदाताई, मॉनिटर राहिलाच

मंदाताई, तुमच्या गॅलरीत बसलेय. कॉम्प्युटर चालू केलाय, प्लास्टिकचं कव्हर काढून तुम्ही घालायच्या तशी घडी घातलीय, आणि गेला अर्धा तास नुसती बसून आहे. तेरावं परवा झालं. तुमचे राजाभाऊ आत पडलेत. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी गाद्या बडवतंय. माझे पाय गेलेत अक्षरशः. तेरा दिवस खुर्च्या लाव, खुर्च्या उचल, आलेल्यांना चहा दे, तेच तेच पुन्हा सांग. पण तुमच्या प्राचीची लग्नपत्रिका प्रेसला द्यायचीय. मुहूर्त बदलायचा नाही असं तुमच्या दिरांनी ठरवलंय, नाहीतर लग्न वर्षभर लांबणीवर पडेल म्हणाले. पत्रिका तुम्हीच करून ठेवलेली. फक्त मुलीच्या आईच्या नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब वाढवायचंय. तेवढंच काम आहे, आणि तेवढंच होत नाहीये माझ्याच्याने. म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशी भांडून घेते.

आपलं भांडण अर्धंच राहिलंय. मॉनिटर की रॅम?

हा कॉम्प्युटर आपण घेतला तेव्हाच म्हातारा होता. बेलापूरच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला ३८६, पेंटियमच्याही दोन पिढ्या आधीचा. तुम्ही तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर, म्हणून तो तुमच्या गॅलरीत बसला. ग्रिलला आतून पडदा, खाली जुन्या शिलाई मशीनचं टेबल. पायाखाली ते लोखंडी पायडल अजून आहे. तुम्ही प्रूफ वाचताना ते उगाच हलवत बसायच्या आणि मी ओरडायचे, "मंदाताई, टेबल हलतंय!" आत्ता मीच हलवतेय.

टाइप मी करायचं आणि वाचायचं तुम्ही, असं आपलं ठरलेलं. करावे, सारसोळे, शिरवणे, या आपल्या नेरूळजवळच्या गावांतल्या पत्रिकांवर आपलं चाललं होतं. आणि गावची पत्रिका म्हणजे काय चेष्टा होती का हो? वर गणपती, खाली अख्खं खानदान. काका, काकू, आत्या, मामा, त्यांचे जावई, जावयांचे भाऊ. एक नाव राहिलं की ते घर मांडवात पाय ठेवत नाही. आणि गेलेल्यांचीही नावं हवीत, कै. लावून, मानाने, सगळ्यांच्या वर. यादी घेऊन येणारा माणूस तुमच्यासमोर बसून एकेक नाव सांगायचा आणि तुम्ही प्रत्येकाची चौकशी करायच्या. हे कोण? त्यांचं कोण? तुमचं संगमेश्वर कुठे, करावे कुठे, पण दोन वर्षांत गावातली सगळी नाती तुम्हाला तोंडपाठ. मला तर माझ्या सासरची धड माहीत नाहीत.

या सगळ्यात कॉम्प्युटरचा जीव जायचा. पान उघडायला सांगितलं की हार्डडिस्कची खरखर सुरू. गणपती वरून खाली उतरायचा, आधी मुकुट, मग कपाळ, मग मेहेरबानी केल्यासारखी सोंड. एक अक्षर बदललं की पुन्हा मुकुटापासून. मी कपाळाला हात लावायचे. तुम्ही मात्र शांतपणे मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला घ्यायच्या. "अर्धी जुडी," म्हणायच्या. "सोंड यायला अर्धी जुडी लागते. आज गवार आणायला हवी होती."

आणि बोलायच्या. राजाभाऊंची तुर्भ्याची कंपनी आज चालू, उद्या बंद, त्याबद्दल. प्राचीसाठी पाहिलेल्या स्थळांबद्दल, माहेरच्या फणसाच्या वाटणीबद्दल. माझं पहिलं बाळ राहिलं नाही, हे मी या बिल्डिंगमध्ये फक्त तुम्हाला सांगितलंय, तेही असाच गणपती उतरत असताना. तुम्ही भाजीतले हात तसेच माझ्या पाठीवर ठेवलेत. ब्लाऊजला मातीचे डाग पडले म्हणून घरी गेल्यावर मी दुसऱ्यांदा रडले.

मग ते म्हात्रे आजोबांचं झालं. आठवतंय ना? विसरणार कशा म्हणा!

करावे गावातलं म्हात्र्यांचं घर. आधीच्या वर्षी मोठ्या नातवाची पत्रिका आपणच केली होती, आता धाकट्याची होती. जुनी फाइल उघडून नावं बदलली की झालं, आपण नेहमी तसंच करायचो. नातवांची आजी पूर्वीच गेलेली, तिच्या नावाला कै. होतं. आजोबांचं नाव या वेळी तिच्याखाली हवं होतं, तर मी शहाणीने तीच ओळ खाली कॉपी केली आणि तिच्यात आजोबांचं नाव भरलं. पत्रिका छापल्या गेल्या आणि वाटायलाही सुरुवात झाली. उरणची त्यांची बहीण पत्रिका वाचून जी निघाली ती रडत रडत थेट म्हात्र्यांच्या अंगणात, तर भाऊ ओट्यावर बसून भाकरी मोडतोय!

दुसऱ्या दिवशी आजोबा आपल्या ग्रिलसमोर उभे. पांढरा सदरा, हातात पत्रिका.

"कोन हाय इथं पत्रिका करनारी?"

मी थिजलेच. तुम्ही पुढे झालात. "मीच हो. चूक झाली आमची."

"अगं बाय, मी जित्ता हाय ना!"

"दिसतंय हो आजोबा," तुम्ही म्हणालात. "बसा. चहा टाकते."

टाइप मी केलं होतं आणि तुम्ही म्हणालात, मीच. तुम्ही तसं का म्हणालात, यावर आपण पुढे कधी एक शब्दही बोललो नाही. आज बोलते. ती चूक माझी होती, मंदाताई, आणि हे मी तेव्हाच आजोबांसमोर सांगायला हवं होतं.

'श्री.'च्या चिठ्ठ्या कापून चिकटवायच्या ठरल्या, तर आजोबा ऐकेनात. "आन तो गोंद. माजा नाव मीच जित्ता करतो." दोन दुपारी या गॅलरीत बसून त्यांनी स्वतःच्या हाताने एकेका पत्रिकेवर चिठ्ठी लावली. प्रत्येक चिठ्ठीवर अंगठा दाबायचे आणि हसायचे. तुम्ही त्यांना पोहे करून घातलेत. त्यानंतर गावातली एकही पत्रिका दुसरीकडे गेली नाही.

तिथून तुमचा नियम आला. प्रूफ कागदावर काढायचं आणि खालून वर वाचायचं, कारण वरून खाली वाचताना डोळे सवयीने पुढे पळतात. एकीने नाव वाचायचं आणि विचारायचं, "आहेत?" दुसरीने यादी बघून, शक्यतो त्या घरातल्या माणसाला समोर बसवून म्हणायचं, "आहेत." सगळ्या नावांचं असं. जाणारे-येणारे ग्रिलमधून बघायचे, या बायकांचं काय चाललंय म्हणून. पहिल्यांदा मला हसू आवरेना. मग सवय झाली.

आणि भांडणही तिथूनच सुरू झालं. कॉम्प्युटरवर खर्च करायला हवा हे दोघींनाही कळत होतं, पण एकाच पार्टपुरते पैसे होते. हार्डवेअरवाला सतीश आला, झाकण उघडलं, आत फुंकर मारली, धुळीने शिंकला आणि म्हणाला, "ताई, याच्यात पैसे घालू नका. विकून टाका. पेंटियम घ्या."

"तू देतोस का आणून?" तुम्ही विचारलंत. त्याने झाकण पुन्हा बसवायला घेतलं.

हार्डडिस्क भरत आलेली. ती मोठी घ्यावी असं आधी डोक्यात होतं. मी म्हटलं जुन्या पत्रिका उडवू, जागा होईल. तुम्ही अंगावरच आलात. "उडवू? त्या घरात पुढचं लग्न निघालं की काय करशील?" शेवटी फाइली फ्लॉपींवर गेल्या, फ्लॉपी तुमच्या फराळाच्या डब्यात. राहिले दोन पार्ट. तुम्ही म्हणायच्या मॉनिटर घे. हा चौदा इंची, काळा-पांढरा, कडेला अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. नीट दिसलं असतं तर कै. तेव्हाच दिसलं असतं. मी म्हणायचे रॅम. मशीन झटपट चाललं असतं तर मी कंटाळून कॉपी मारलीच नसती. चूक एकच, पण तिच्यावरून तुम्ही मॉनिटर सिद्ध करायच्या आणि मी रॅम. किती दिवस चाललं ते! राजाभाऊ आतून ओरडायचे, "दोन्ही घेऊ नका, पण गप्प बसा!"

त्याच सुमारास तुम्ही सतीशला म्हणालात, "माझं बघ रे जरा झाकण उघडून. गुडघे गेले, डोळे गेले, जिना चढले की धाप लागते. काय काय बदलता येईल? एकाच पार्टपुरते पैसे आहेत हं." सतीश हसला. मीही हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्याची आठवण आली की आता स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मग एका सकाळी तुम्ही एकदम म्हणालात, "घे बाई तुझी रॅम."

मी खूश. जिंकलेच ना! तुम्ही कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी दहा मिनिटं वाद घालणाऱ्या, आणि इथे एका वाक्यात माघार. दमल्या होतात हो तुम्ही. मला ते दिसलं नाही.

पार्ट घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोघी गेलो. दुकानात उभं राहायला जागा नाही, त्यात तुम्ही काउंटरवरच्या माणसाला विचारताय, "एकच पट्टी घेतली तर? उरलेल्या मग घेऊ." तो म्हणाला, या मशीनमध्ये चार एकदम लागतात, एकीने चालत नाही. "म्हणजे खांदेकऱ्यांसारखं," तुम्ही म्हणालात आणि स्वतःच जीभ चावलीत. रॅमच्या त्या चार हिरव्या पट्ट्या त्याने कागदात गुंडाळून दिल्या, तर वाकतील म्हणून तुम्ही चष्म्याच्या घरात ठेवल्यात आणि एरवी हातातच असायचा तो चष्मा नेरूळपर्यंत डोळ्यांवर ठेवलात. "बघ, एकदाच खर्च केला आणि दोघींचं भागलं. मला रस्ता दिसतोय आणि तुझी रॅम सुखरूप." रस्त्यात दोनदा थांबलात, दुकानांच्या पायऱ्यांवर बसलात. मला वाटलं, चपला लागतायत.

रॅम बसली आणि काय सांगू, गणपती एका झटक्यात! क्लिक केलं की मुकुट, सोंड, मोदक सगळं हजर. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर मेथी तशीच. "आता गं?" म्हणालात. "भाजी कधी निवडू?"

तिथेच सगळं चुकलं, मंदाताई. हे गेल्या तेरा दिवसांत, कपबश्या विसळताना माझ्या लक्षात आलं. आपण पूर्वी दिवसाला एक पत्रिका करायचो, त्याच्या तीन करायला लागलो. लग्नसराई तोंडावर, माणसं दारात, मी स्क्रीनला नाक लावून. थांबायची वेळच येईना. तुम्ही भाजी आत स्वयंपाकघरात निवडायला लागलात. प्रूफ वाचायला तेवढ्या बाहेर यायच्या, "आहेत? आहेत" झालं की पुन्हा आत. मधे एकदा पदराखालून छाती चोळताना दिसलात. मी मान न वळवता विचारलं, "काय होतंय?" "पित्त गं," म्हणालात. मी म्हटलं, "ओवा खा," आणि पुढचं नाव टाइप केलं.

ओवा खा म्हणे! पूर्वीसारखं असतं, तर गणपती कपाळापर्यंत आला असता, तुम्ही काड्या बाजूला टाकत टाकत बोलल्या असता. कधीपासून दुखतंय ते सांगितलं असतं, राजाभाऊंना कळू दिलं नाहीये, प्राचीचं लग्न पार पडलं की बघू, असं काहीतरी म्हणाल्या असता. मी भांडले असते. मी तुम्हाला ओढत डॉक्टरकडे नेलं असतं, तुम्हाला माहितेय माझा स्वभाव. तुम्हाला सांगायचं होतं की नाही, देव जाणे. पण मी विचारायला जागाच ठेवली नाही. माणसं म्हणतात, असं मनाला लावून घेऊ नकोस. बोलायला काय जातं त्यांचं?

आणि तुमच्यावरही राग आहे माझा, तोही सांगून टाकते. जगाच्या नावापुढे "आहेत?" विचारत बसलात, आणि स्वतःबद्दल एवढं लपवून ठेवलंत. शोभलं का हे तुम्हाला?

दहाव्याला म्हात्रे आजोबा आले होते. नातवाच्या स्कूटरवर मागे बसून. तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. फोटोतही तुम्ही चष्मा लावलेला नाही, हातात धरलाय. जाताना माझ्यापाशी थांबले. "मना मारलाव तुमी, आन गेली ही," म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तिचा नाव नीट छाप हां, बाय." मला हुंदकाच फुटला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

प्राची आत्ताच आली. वाशीच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन. पर्स टेबलावर टाकली, तुमच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "चल शुभामावशी, उरकून टाकू." डोळे तुमचेच आहेत हो पोरीचे. मी फाइल उघडली. ही पत्रिका करताना तुम्ही मला हात लावू दिला नव्हतात, दोन बोटांनी चार दिवस खपून एकटीने टाइप केली होतीत. आज पहिल्यांदा नीट पाहिली. सगळे दीर, जावा, नणंदा, राजाभाऊंच्या कंपनीतले चौघे, "आमचे नम्र निमंत्रण"मध्ये चक्क माझं आणि माझ्या नवऱ्याचंही नाव. एवढी माणसं एका पानात बसवायला जागा कमी पडली, तर तुम्ही काय केलंत? स्वतःचं नाव बारीक केलंत. तुमच्या या मॉनिटरवर मला ते दिसलंही नाही, प्रूफ काढल्यावर कळलं. मॉनिटरबाबत तुमचंच खरं होतं, कबूल. आता तरी बरं वाटलं का?

नाव मोठं केलं मी. राजाभाऊंच्या नावाइतकं. तुमच्या मोठ्या दिरांची ओळ थोडी दाटीने बसवली. त्यांना चालेल, नाही चाललं तरी चालेल.

मग प्रूफ वाचायला घेतलं. नियमाप्रमाणे खालून वर. मी वाचत होते, प्राची तुमच्या अक्षरातली यादी धरून बसलेली.

"श्री. वसंत गोविंद साळवी. आहेत?"

"आहेत."

"सौ. सुनीता वसंत साळवी. आहेत?"

"आहेत."

आत राजाभाऊ उठल्याचा आवाज आला. ते दारात येऊन उभे राहिले आणि ऐकत राहिले. एकेक नाव वर सरकत गेलं. प्राचीचा आवाजही तुमच्यासारखा लागला होता, कंटाळवाणा, एका सुरात. मीही तशीच वाचत होते, तंद्रीत, सवयीने.

"श्री. राजाराम गोविंद साळवी. आहेत?"

"आहेत."

"सौ. मंदाकिनी राजाराम साळवी. आहेत?"

"आहेत," प्राची म्हणाली.

प्राचीने कागद खाली ठेवला नाही. शब्द परतही घेतला नाही. राजाभाऊ दारातून आत वळले. तिची नजर यादीवरच होती आणि यादीवर तुमच्या हाताने लिहिलेलं होतं ते नाव, काटेकोर, टीक मारलेलं.

"मावशी," ती म्हणाली, "कर आता तू."

मी कर्सर तुमच्या नावापाशी नेला. टेबलाखाली पायडलवरचा पाय थांबवला. मनात म्हटलं, आता निदान खरखर होऊ दे. मुकुट येऊ दे, मग कपाळ, मग सावकाश सोंड. अर्धी जुडी मेथीइतका वेळ मिळू दे, मी तेवढ्यात या पोरीच्या पाठीवर हात ठेवीन, काहीतरी बोलेन.

'कै.' टाइप केलं. मीच हट्टाने घ्यायला लावलेली रॅम, मंदाताई. लगेच आलं.